प्राणिसंग्रहालयात वानराचे पिल्लू आईच्या हातून ओढून घेतले गेले, तर कीपरने मध्ये पडायला हवे का?

बाळीवेस (धागाकर्ता) | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

नमस्कार. एरवी मी येथे वाचनमात्र असतो, परंतु गेल्या आठवड्यातील एका प्रसंगामुळे घरात जो प्रश्न निर्माण झाला आहे, त्याचे उत्तर मला देता आलेले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता सोलापूरहून मुलाकडे परगावी गेलो होतो. चौथीत शिकणाऱ्या नातीला घेऊन मी तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेलो. वानरांच्या खंदकापाशी "नवजात पिल्ले आहेत, शांतता राखावी" असा फलक लावलेला होता आणि आत खरोखरच तीन पिल्ले होती. कळपातील सगळी मंडळी राखाडी, मात्र पिल्ले काळपट तपकिरी आणि त्यांचे तोंड गुलाबी, त्यामुळे नातीला पहिली शंका हीच आली की ही पिल्ले दुसऱ्याच कोणाची तर नाहीत ना.

एक मादी दगडी कट्ट्यावर पिल्लाला छातीशी धरून बसली होती. तेवढ्यात डाव्या कानाची पाळी फाटलेली दुसरी मादी सरळ तिच्यापाशी आली, तिने पिल्लाच्या पायाला धरून ते ओढून घेतले आणि ती पलीकडच्या फांदीवर जाऊन बसली. पिल्लू किंचाळत होते. पहिली मादी दोन पावले मागे गेली, मग थांबली आणि पाला खाऊ लागली. कठड्यावर उभ्या असलेल्या आम्ही तीस-चाळीस माणसांनी आरडाओरडा केला आणि एका गृहस्थांनी तर शेंगा फेकून त्या कानफाट्या मादीला हुसकावण्याचा प्रयत्न केला. आत झाडलोट करणाऱ्या कीपरने पिल्लाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो वळला तो शेंगा फेकणाऱ्याला दटावण्यासाठी. मी विचारल्यावर "रोजचंच आहे, काका" एवढेच म्हणाला.

नात घरी येईपर्यंत रडत होती. "आजोबा, आईचे बाळ पळवले तरी कोणीच काही का केले नाही?" हा तिचा प्रश्न आहे. माझे मत असे की कीपरने निदान त्या मादीला दूर करायला हवे होते, पगार त्याचसाठी मिळतो. जाणकारांनी सांगावे.

विजापूरवेस | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

सर्वप्रथम आपण शीर्षकात माकड न लिहिता वानर लिहिले याबद्दल अभिनंदन. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि लालसर तोंडाचे, डोक्यावर केसांची टोपी असलेले ते माकड, हा फरक आमच्या आजीला पक्का ठाऊक होता, पण शाळेच्या सहलीबरोबर येणाऱ्या गुरुजींना तो आजही ठाऊक नसतो. प्रश्नाच्या उत्तरासाठी नान्नजच्या माळावर भटकणाऱ्या आपल्या मित्रांची वाट पाहावी लागेल.

शेंगाचटणी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

शेंगा फेकणारे गृहस्थ सोलापूरचेच असणार. परगावी गेला तरी आपला माणूस खिशात शेंगा घेऊन फिरतो.

भीमाकाठ | १८ नोव्हेंबर, दुपारी १:०५

धागाकर्त्यांच्या नातीबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. आमची शेती नदीकाठी आहे. हरभरा घाट्यावर आला की चाळीसेक वानरांची टोळी सकाळी नऊच्या सुमारास उतरते आणि खाते थोडे, पण उपटून टाकते फार. फटाके वाजवून पाहिले, बुजगावणे उभे करून पाहिले, आता एक माणूस केवळ राखणीला ठेवावा लागतो आणि त्याची मजुरी पिकातून निघत नाही. या पार्श्वभूमीवर शहरातले लोक तिकीट काढून वानरांची पिल्ले पाहतात आणि ती पळवली गेली म्हणून हळहळतात, हे वाचून गंमत वाटते. एका बाजूला हिमाचल प्रदेशात २००६-०७ च्या सुमारापासून माकडांची नसबंदी करण्यावर सरकार खर्च करते आणि दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यात त्यांचीच भावंडे जन्मली की फलक लागतो. माझ्या मते प्रश्न कीपरने मध्ये पडावे की नाही हा नसून, ही पिल्ले मुळात जन्मू का दिली, हा आहे.

नान्नजचा_माळ | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

भीमाकाठ, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्यावर नंतर येतो. आधी बाळीवेस काकांच्या नातीला उत्तर देऊ.

आपण जे पाहिले ते अपहरण नव्हते. वानरांच्या कळपात पिल्लू जन्माला आले की पहिल्या दिवसापासूनच इतर माद्या ते मागायला येतात. कोणी मावशी, कोणी बहीण, कोणी आजी, तर कोणी अजून एकही बाळंतपण न झालेली तरणी मादी. आई बहुधा पिल्लू नेऊ देते आणि तेवढ्या वेळात निवांत पाला खाते, कारण दूध पाजणाऱ्या मादीला खायला वेळ मिळणे ही मोठी गोष्ट असते. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाचा दिवसातील बराच वेळ असा दुसऱ्यांच्या मांडीवर जातो. देवाणघेवाण मात्र आपल्याला वाटते तशी हळुवार नसते. पाय धरून ओढणे, पिल्लाने किंचाळणे, नवख्या मादीने ते उलटे धरणे, कंटाळा आला की फांदीवर ठेवून चालू पडणे, हे सगळे त्यात येते. मी स्वतः गावकुसाबाहेरच्या एका वडावर सकाळच्या दोन तासांत एकच पिल्लू पाच हातांतून फिरताना पाहिलेले आहे.

पिल्लाच्या रंगाचे म्हणाल, तर जन्मतः काळपट असणारी लव तिसऱ्या ते पाचव्या महिन्यापर्यंत हळूहळू राखाडी होते. हा गडद रंग म्हणजे "हे तान्हे आहे, याला सांभाळा" अशी सगळ्या कळपाला दिलेली खूण असावी, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. रंग बदलला की मावश्यांची गर्दीही ओसरते.

तेव्हा कीपरने केले ते योग्यच केले. त्याने हटकायला हवे होते ते शेंगा फेकणाऱ्याला, आणि त्याने तेच केले.

तळ्याकाठी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५२

एक शंका आहे. ज्या मादीच्या हातात पिल्लू होते तीच त्याची आई, हे आपणांस कोणी सांगितले?

हुग्गी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नान्नज दादांचा प्रतिसाद वाचून मला माझे पहिले बाळंतपण आठवले. माहेरी जुन्या वाड्यात चुलत्या, आत्या, मावश्या धरून चौदा बायका होत्या आणि बाळ कोणाच्या मांडीवर आहे हे मला दूध पाजायच्या वेळीच कळत असे. ते सुखाचे होते, हे मी नाकारत नाही. परंतु त्यातली एक गोष्ट कोणी बोलत नाही. कधी कधी बाळ द्यायचे मनात नसतानाही द्यावे लागते, कारण मोठ्यांना नाही म्हणता येत नाही. त्या वानरीण आईला नाही म्हणायचे असेल तर तिला तसे म्हणता येते का? जंगलात ती निदान दुसऱ्या झाडावर जाऊन बसेल, खंदकात ती कुठे जाणार? म्हणून काकांचा प्रश्न मला तितकासा भाबडा वाटत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

मी पशुवैद्य आहे. आयुष्य गाई-म्हशींत गेले, पण शिक्षणाच्या काळात काही महिने एका प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात काढले, त्या आधारावर लिहितो.

हुग्गी ताईंचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. कळप बंदिस्त असला की आईला दूर जाण्याची सोय करून द्यावी लागते. म्हणूनच चांगल्या ठिकाणी खंदकात उंच-सखल ओंडके, आडोशाच्या भिंती आणि मागच्या बाजूला प्रेक्षकांना न दिसणारी खोली असते. बाळंतीण तिथे जाऊन बसते आणि लोक "आम्हाला पिल्लू दिसले नाही" म्हणून तक्रारवहीत लिहितात. पिल्लू न दिसणे हे पुष्कळदा व्यवस्था चांगली असल्याचे लक्षण असते, हे तिकीट काढलेल्या माणसाला पटवणे मात्र अवघड आहे.

शिवाय सर्व जातींत मावशीपण सारखे नसते. वानरीण उदार असते. उत्तरेतील लाल तोंडाची माकडीण पिल्लू सहसा दुसरीच्या हाती देत नाही आणि कोणी ओढलेच तर तिथे खरी मारामारी होते. त्या खंदकात माकडे असती आणि कीपर असाच झाडत राहिला असता, तर मी काकांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

जन्माविषयी थोडे सांगतो. वानराचा गर्भकाळ सुमारे दोनशे दिवसांचा, म्हणजे साधारण साडेसहा महिन्यांचा असतो आणि एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. बाळंतपण बहुतेक रात्रीच उरकते. सकाळी कीपर येतो तेव्हा मादीने वारही खाऊन टाकलेली असते आणि पिल्लू छातीला घट्ट धरून असते. त्यानंतर आमचे काम एकच, ते म्हणजे लांबून पाहणे. पिल्लू दूध ओढते आहे का, त्याची पकड घट्ट आहे का, आई खाते आहे का, एवढे टिपून ठेवायचे. पिल्लाला हात लावायचा मोह सर्वांना होतो, साहेबांना तर फारच होतो, कारण वर्तमानपत्रात छायाचित्र द्यायचे असते. पण एकदा पिल्लू माणसाने उचलले की ते कळपात परत जाईलच याची खात्री राहत नाही.

शेंगाचटणी | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

माझा वरचा विनोद मागे घेतो आणि कबुली देतो. लहानपणी विजापूर रस्त्यावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात आम्ही शेंगा, बिस्किटे, एकदा तर अख्खी कडक भाकरी माकडांना दिलेली आहे. भाकरी त्यांनी आधी आपटून पाहिली आणि मग परत आमच्याकडे फेकली. आता विचारतो की शेंगेने खरोखर काही बिघडते का, की उगाच पाटी लावतात?

गोठ्यातला_डॉक्टर | १९ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

बिघडते. वानराचे पोट माकडासारखे नसते. ते अनेक कप्प्यांचे असते आणि त्यात जिवाणूंच्या साहाय्याने पाला आंबतो, म्हणजे एका अर्थी ते गाईच्या पोटाच्या जवळचे आहे. गाईने लग्नाच्या जेवणातला उरलेला भात खाल्ला की तिचे काय होते हे आपल्या जिल्ह्यात कोणालाही विचारा. बिस्किटे, केक, गोड पाव यांनी वानराचेही तसेच होते. मूठभर शेंगांनी ते मरणार नाही, पण कठड्यावरून पाचशे माणसांनी प्रत्येकी मूठभर फेकल्या तर? आणि पिल्लू असताना आणखी एक धोका असतो. खाणे पडले की मोठा नर धावतो, माद्या पळतात आणि अशा पळापळीत तान्हे हातातून सुटते. क्षयरोग माणसाकडून वानरांना आणि वानरांकडून माणसाला होऊ शकतो, म्हणून आमच्या वेळी कीपरचीही नियमित तपासणी होत असे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यातील कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खायला घालणे आणि आवाज करून त्रास देणे, या सर्वांना मनाई आहे. तेव्हा काकांच्या त्या दिवशीच्या हकिकतीत नियम मोडला असेल, तर तो खंदकाच्या आतल्या कोणी मोडलेला नाही.

विजापूरवेस | १९ नोव्हेंबर, सकाळी ११:४१

शेवटचे वाक्य वाचून काकांनी चहाचा कप खाली ठेवला असणार.

बाळीवेस | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:००

ठेवला. मीही ओरडणाऱ्यांत होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. तळ्याकाठी यांना उत्तर: पिल्लू तिच्या छातीशी होते, आणखी कोणता पुरावा हवा? डॉक्टरांच्या आणि नान्नजकरांच्या लिहिण्याने माझे मत बरेच बदलले आहे, परंतु ते किंचाळणे अजून कानांतून जात नाही.

पंढरीचा_पाहुणा | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

या निमित्ताने दोन गोष्टी आठवल्या. आपल्याकडे भक्तीच्या संदर्भात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन दृष्टांत सांगतात. मांजरी पिल्लाला स्वतः तोंडात धरून नेते, पिल्लाला काहीच करावे लागत नाही. माकडीण मात्र उड्या मारत असते आणि तिला घट्ट धरून ठेवण्याचे काम पिल्लाचे असते. रामानुजांच्या परंपरेत पुढे वडकलै आणि तेंकलै असे जे पंथ झाले, त्यांच्यात हाच वाद आहे की जीवाने देवाला धरावे की देवाने जीवाला उचलावे. डॉक्टरांनी पकड टिपून ठेवण्याविषयी लिहिले, तेव्हा हा दृष्टांत रचणाऱ्याने माकडे किती लक्षपूर्वक पाहिली असतील, असे मनात आले.

दुसरी गोष्ट लहानपणी ऐकलेली, हौदात ठेवलेल्या माकडिणीची. पाणी वाढू लागले की ती पिल्लाला आधी कडेवर, मग खांद्यावर, मग डोक्यावर घेते आणि नाकापर्यंत पाणी आल्यावर त्याला पायाखाली घेऊन त्याच्यावर उभी राहते. ही गोष्ट खरी मानावी का?

नान्नजचा_माळ | १९ नोव्हेंबर, रात्री ९:००

ती गोष्ट माणसाने स्वतःच्या स्वार्थाचे समर्थन करण्यासाठी रचली असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वास्तवात माकडीण आणि वानरीण मेलेले पिल्लूसुद्धा कित्येक दिवस सोडत नाही. ते वाळून चामडे झाले तरी एका हातात घेऊन फिरते आणि त्यामुळे तिला नीट खाताही येत नाही. अशा नोंदी अनेक ठिकाणी झालेल्या आहेत. हौदाचा प्रयोग कोणी केला होता, ते मात्र गोष्ट सांगणारा कधीच सांगत नाही.

मर्कटन्यायात एक दुरुस्ती सुचवतो. पहिले काही दिवस आईसुद्धा चालताना एका हाताने पिल्लाला आधार देते. म्हणजे सुरुवात थोडीशी मार्जारन्यायानेच होते.

पंढरीचा_पाहुणा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आपण सातशे वर्षांचा वाद एका ओळीत मिटवलात.

धारवाडी_जावई | २० नोव्हेंबर, सकाळी १०:१०

सासुरवाडी धारवाडची असल्याने एक माहिती देतो, कारण वानरांच्या पिल्लांचा विषय निघाला की जगभर धारवाडचे नाव घेतले जाते. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी धारवाडच्या आसपासच्या वानरांचा अभ्यास केला. बाहेरून आलेल्या नराने टोळीतील जुन्या नराला हुसकावून लावल्यानंतर तान्ही पिल्ले मारली जातात, हे त्यांनी नोंदवले. पुढे जोधपूरला मोहनोत यांनी आणि अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी असेच पाहिले. पिल्लू नाहीसे झाले की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची प्रजा मिळते, असा हर्डी यांचा अर्थ होता. त्यांच्या आधी, १९५८ ते १९६० मध्ये, उत्तर आणि मध्य भारतात काम केलेल्या फिलिस जे यांना वानरे फार शांत वाटली होती आणि पिल्लू हातोहाती फिरते हेही त्यांनी लिहून ठेवले होते. म्हणून गर्दी आणि माणसांची लुडबुड यांमुळे असे घडते, असेही काहींचे म्हणणे होते आणि हा वाद बरीच वर्षे गाजला.

हे सांगण्याचे कारण असे की ओढून नेणारी मादी असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण खंदकात नवा नर सोडला असेल तर कीपरने झाडू बाजूला ठेवलाच पाहिजे.

भीमाकाठ | २० नोव्हेंबर, दुपारी २:३०

चर्चा ज्ञानवर्धक आहे, पण माझ्या प्रश्नाला बगल मिळाली. नान्नजकर "नंतर येतो" म्हणाले होते, ते अजून नान्नजलाच आहेत.

चाटीगल्ली | २० नोव्हेंबर, सायंकाळी ६:००

भीमाकाठ यांना अनुमोदन, पण कारण उलटे आहे. बंदिवासात जन्मणाऱ्या प्राण्याच्या जन्माचा उत्सव कसला करायचा? ज्याला झाड माहीत नाही, टोळी माहीत नाही, आयुष्यभर कठड्यावरचे चेहरे तेवढे पाहायचे, त्याच्या बारशाला पेढे वाटण्यात आपली कोणती संस्कृती दिसते? प्राणिसंग्रहालये बंद करावीत, म्हणजे कीपरने काय करावे हा प्रश्नच उरत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | २० नोव्हेंबर, रात्री ९:४५

चाटीगल्ली आणि भीमाकाठ यांना एकत्रच उत्तर देतो, कारण वेगवेगळ्या वेशींतून दोघेही एकाच चौकात आले आहेत.

पिंजऱ्यात जन्म झाला म्हणजे यश मिळाले, असे मीही मानत नाही. सगळे कोणत्या जातीचा जन्म आहे यावर अवलंबून आहे. सिंहपुच्छ वानराचे उदाहरण घ्या. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतील सह्याद्रीशिवाय ते जगात कुठेच रानात नाही, आणि रानातील संख्या सुमारे ३,५०० ते ४,००० असल्याचा अंदाज सांगितला जातो. चेन्नईजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयात त्यांच्या पैदाशीचा कार्यक्रम आहे. तिथे जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाचे आई-बाप वंशावळीच्या नोंदवहीत लिहिले जातात आणि कोणती जोडी लावायची ते त्यावरून ठरते. अशा ठिकाणचे बारसे मी पेढे वाटून करीन.

ब्राझीलमध्ये गोल्डन लायन टॅमरिन नावाची चिमुकली सोनेरी माकडे नामशेष होण्याच्या बेतात होती, तेव्हा १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडे रानात सोडण्यात आली. पहिल्यांदा सोडलेल्यांची फार फजिती झाली. त्यांना हलणाऱ्या फांदीवरून नीट चालता येत नव्हते आणि सालीखालचा किडा शोधता येत नव्हता. पण त्यांची रानात जन्मलेली पिल्ले तरबेज निघाली आणि आज रानातील टॅमरिनांचा मोठा हिस्सा त्यांच्याच वंशातला आहे. चाटीगल्ली, प्राणिसंग्रहालये बंदच असती तर हे कुठून आणले असते?

आता भीमाकाठ यांचा मुद्दा. साध्या वानरांची पैदास करण्याची गरज नाही, हे मान्य. प्राणिसंग्रहालयांच्या नियमांतही गरज नसलेल्या जातींची वाढ आटोक्यात ठेवावी, अशीच अपेक्षा आहे आणि त्यासाठी नर-मादी वेगळे ठेवणे किंवा नसबंदी हे मार्ग वापरतात. पण खंदकातली वानरे बहुतेकदा हौसेने आणलेली नसतात. विजेच्या तारेला चिकटून हात गमावलेली, गाडीखाली सापडलेली, कोणाच्या तरी घरी साखळीला बांधलेली अशी ती आलेली असतात. माकडांचे खेळ करण्यावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली, त्यानंतर सोडवून आणलेली काही जनावरेही अशीच कुठे ना कुठे ठेवावी लागली. एखादी मादी येतानाच गाभण असते. तिचे पिल्लू जन्मू देऊ नये असे आपण म्हणाल का?

भीमाकाठ | २० नोव्हेंबर, रात्री १०:३०

गाभण जनावराबद्दल शेतकरी तसे कधीच म्हणणार नाही, हे आपल्याला ठाऊक असल्यामुळेच आपण तो प्रश्न विचारलात. माझा राग वानरांवर नाही, राखणीच्या मजुरीवर आहे. त्या फलकावर पिल्लाची आई कुठून आणि कशी आली, हे दोन ओळींत लिहिले असते तर मीसुद्धा उभा राहून वाचले असते.

चाटीगल्ली | २० नोव्हेंबर, रात्री ११:०५

टॅमरिनची माहिती मला नव्हती. तरीही दहा टक्के चांगल्या कामासाठी नव्वद टक्के करमणूक का सहन करायची, हा प्रश्न मी सोडणार नाही. आईने पिल्लू टाकलेच तर हे लोक बाटलीने दूध पाजून त्याचा तमाशा करतात, तेही सांगा.

गोठ्यातला_डॉक्टर | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:००

करतात, आणि ते चूक आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात आईपासून तोडलेल्या लाल तोंडाच्या माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले. दुधाची बाटली तारेच्या सांगाड्यावर लावली तरी पिल्ले दूध पिऊन लगेच मऊ कापड गुंडाळलेल्या सांगाड्याला जाऊन बिलगत. अशा आईविना वाढलेल्या माद्यांना पुढे स्वतःची पिल्ले झाली, तेव्हा त्यांतल्या अनेकींनी ती दूर लोटली, काहींनी जखमी केली. ते प्रयोग फार निर्दय होते. पण आईपण पाहून आणि हाताळून शिकावे लागते, ते रक्तातून आपोआप येत नाही, हे त्यातून कळले. म्हणून पिल्लू टाकले गेले तर हल्ली शक्य तिथे ते कळपाच्या नजरेसमोर, जाळीपलीकडे वाढवतात आणि लवकरात लवकर एखाद्या मायाळू मादीकडे सोपवतात.

यावरून पुन्हा बाळीवेस काकांच्या कानफाट्या मादीकडे येता येईल. मावशी म्हणून पिल्लू हाताळणारी तरणी मादी उद्याचे आईपण शिकत असते. कीपरने प्रत्येक वेळी तिला हुसकावले, तर तिचे पहिले पिल्लू आमच्या बाटलीवर येईल.

हुग्गी | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

हे पटले. आमच्या वाड्यातल्या धाकट्या चुलतबहिणीने माझ्या मुलाला दोनदा उलटे दुपटे गुंडाळले होते. आज तिला जुळी आहेत आणि मी तिच्याकडून शिकते.

बाळीवेस | ३ मार्च, सकाळी ८:००

तीन महिन्यांनी धागा वर काढतो आहे, त्याबद्दल क्षमस्व, परंतु कारण तसेच आहे.

फेब्रुवारीअखेर एका लग्नानिमित्त पुन्हा मुलाकडे गेलो होतो. नातीने आधीच बजावले होते की वानरे पाहिल्याशिवाय सोलापूरची गाडी धरायची नाही. या वेळी आम्ही सकाळी दार उघडताच आत शिरलो, गर्दी नव्हती. पिल्ले ओळखू येईनात, कारण नान्नजकरांनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही जवळजवळ राखाडी झाली होती आणि शेपट्या धरून एकमेकांना पाडण्यात दंग होती. मात्र ती फाटक्या कानाची मादी नातीने चटकन ओळखली. कीपर तोच होता. या वेळी मी ओरडलो नाही, नमस्कार केला आणि त्या दिवशीचे पिल्लू कोणते, असे विचारले. तो म्हणाला, "काका, मला विचारू नका, अर्धा तास बसा आणि दूध प्यायला कुठे जातं ते बघा."

आम्ही बसलो. नातीने वही काढली आणि कोणते पिल्लू कोणाकडे जाते ते लिहू लागली. पस्तीसाव्या मिनिटाला एका पिल्लाला दुसऱ्याने फांदीवरून पाडले. ते ओरडत उठले, कट्ट्यावर बसलेल्या दोन माद्यांना ओलांडून थेट फाटक्या कानाच्या मादीकडे गेले आणि तिच्या छातीला तोंड लावून पिऊ लागले. कीपर लांबून हसत होता. तो जवळ येऊन म्हणाला की ती त्याची आईच आहे, दिवाळीतही तीच होती. कट्ट्यावरची ती तरणी, अजून बाळंत न झालेली मादी पिल्लू सोडायला तयार नसे, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा आईला ते असे ओढून आणावे लागे.

म्हणजे आम्ही तीस-चाळीस माणसे आईच्याच अंगावर ओरडलो होतो आणि शेंगाही तिलाच मारल्या होत्या. तळ्याकाठी यांनी पहिल्याच रात्री विचारले होते आणि मी त्यांना पुरावा दाखवत बसलो. त्यांची माफी मागतो.

विजापूरवेस | ३ मार्च, सकाळी ८:२०

डॉक्टर आणि नान्नजकर, दोघांनीही तिला मावशीच ठरवले होते, हे नम्रपणे नोंदवतो.

नान्नजचा_माळ | ३ मार्च, सकाळी ८:३५

नोंद मान्य. मीही काकांच्या शब्दावर विसंबून उत्तर दिले आणि वडाखाली दोन तास बसणाऱ्या माणसाने निदान ती शंका घ्यायला हवी होती. कीपर मध्ये पडला असता तर त्याने पिल्लू नेमके चुकीच्या हातात दिले असते.

तळ्याकाठी | ३ मार्च, रात्री ९:१०

माफीची गरज नाही. नातीच्या वहीतले ते पान येथे चढवता आले तर पाहायला आवडेल.

बाळीवेस | ४ मार्च, सकाळी ७:१५

विचारले. ती म्हणते की वही अजून पूर्ण झालेली नाही, उरलेल्या दोन पिल्लांच्या आया मे महिन्याच्या सुट्टीत शोधायच्या आहेत.